थंडीत पोटरी पुन्हा धरू नये म्हणून
डिसेंबर-जानेवारीत पहाटे ठाण्याच्या उपवन तलावावर फिरायला पोचल्या पोचल्या कठड्यावर पाय टाकून ताणत बसू नका. पोटरी वारंवार धरत असेल तर आधी 10 मिनिटं सपाटीवर साधं चाला, अंगात ऊब आली की वेग वाढवा. जवळच्या येऊर डोंगराचा चढ त्यानंतर.

दुखणं थांबल्यावर घरी एक दिवसाआड जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे टेकवून उभे राहा. कठडा धरा, दोन्ही टाचा उचला आणि दुखऱ्या पायावर भार देत अगदी सावकाश खाली सोडा. या उतरण्यातून पोटरीला चांगलं बळ येतं, म्हणून इथे घाई नकोच.

चालताना एकदम कळ आली तर तिथेच थांबा, रिक्षा करून घरी या. सूज किंवा काळंनिळं दिसलं तर डॉक्टरांना दाखवा.