होमर वाचताना झारी कुणाच्या हातात आहे ते बघा

प्राचीन ग्रीसचा अभ्यास करायचाय, सुरुवात कुठून करू, असं विचारणारे विद्यार्थी अधूनमधून भेटतात. बहुतेकांना होमरच्या 'ओडिसी'ची, म्हणजे ट्रॉयच्या युद्धानंतर घरी परतणाऱ्या राजा ओडिसियसची, गोष्ट ठाऊक असते आणि त्यातलं आतिथ्य लगेच जवळचं वाटतं. आपण 'अतिथी देवो भव' ऐकत वाढलो. तिकडे राजकन्या नॉसिका म्हणते, परके आणि भिकारी सगळे देवराज झ्यूसकडूनच येतात. ओळख पटायला वेळ लागत नाही. मी त्यांना सांगते, आतिथ्याच्या प्रसंगांपासूनच सुरुवात करा, पण पाहुण्याकडे बघण्याआधी पाणी घेऊन येणाऱ्या बाईकडे बघा. माझा स्वतःचा अभ्यास तिच्याच मागोमाग गेला आहे.

पहिल्या सर्गात देवी अथेना परक्या पुरुषाच्या रूपात इथाकाला, ओडिसियसच्या घरी, येते. पाहुणा दारात ताटकळतोय हे बघून ओडिसियसचा मुलगा टेलेमाकस शरमतो, पुढे होऊन तिच्या हातातला भाला घेतो, आसन देतो. मग एक दासी सोन्याच्या झारीतून चांदीच्या तस्तावर हात धुवायला पाणी घालते आणि समोर मेज मांडते. हेच चरण ओडिसीत सहा ठिकाणी येतात, अक्षरशः तेच: स्पार्टात राजा मेनेलाओसच्या घरी, फिएशियन राजवाड्यात, जादूगारीण कर्कीच्या बेटावरसुद्धा. मौखिक परंपरेत गवयाकडे असे तयार चरण असायचे, हे मिल्मन पॅरी या अभ्यासकाने गेल्या शतकात दाखवून दिलं. ओळखीचे चरण आले की वाचणाऱ्याची नजर त्यांच्यावरून घसरते. त्या बाईला त्या चरणांत नाव नाही, बोलणं नाही. तिथे थांबायची सवय लावून घ्या.

थांबलात की विसावा सर्ग वेगळाच दिसू लागतो. सणाच्या दिवशी सकाळी ओडिसियसची म्हातारी दाई युरिक्लिया दासींना कामाला लावते. कुणी झाडायचं, सडा घालायचा, खुर्च्यांवर जांभळी वस्त्रं टाकायची, कुणी स्पंजाने मेजं पुसायची, पेले घासायचे. वीस जणी झऱ्यावर पाण्याला जातात. त्याच्या थोडं आधी, पहाटे, जात्यांच्या खोलीतला प्रसंग आहे. बारा बायका तिथे गहू आणि जव दळतात. अकरा जणी दळण संपवून झोपल्यात. एकीचं उरलंय, ती सगळ्यांत अशक्त. निरभ्र आकाशात गडगडाट होतो, तशी ती जातं थांबवून झ्यूसला म्हणते की या दळणाने माझे गुडघे मोडले, आज या मागणीदारांचं इथलं शेवटचं जेवण होऊ दे. (मागणीदार म्हणजे ओडिसियसच्या बायकोशी लग्न करायला त्याच्या घरात ठाण मांडून बसलेले पुरुष.) तिचे शब्द ऐकून भिकाऱ्याच्या वेषात घरी आलेल्या ओडिसियसला शुभशकुन मिळाल्याचा आनंद होतो. तिचं पुढे काय झालं ते होमर सांगत नाही. मला हा सगळ्या महाकाव्यातला सर्वांत मोलाचा प्रसंग वाटतो, कारण मेजवानीचं पीठ कुठून येतं ते इथे स्वच्छ दिसतं.

वाचताना एक वही ठेवा. प्रत्येक दासदासीपुढे लिहीत जा: ही या घरात आली कशी, किंमत सांगितली आहे का, बोलते का. वही भरू लागली की व्यवस्था आपोआप समोर येते. युरिक्लियाला ओडिसियसच्या वडिलांनी, लाएर्टीसने, तरुणपणी वीस बैलांच्या मोलाने विकत घेतलं. बायकोच्या रागाला भिऊन त्याने तिला शय्येवर घेतलं नाही, असं कवी मुद्दाम सांगतो. म्हणजे एरवी काय चालायचं ते कळतं. 'इलियड' या होमरच्या दुसऱ्या महाकाव्याच्या तेविसाव्या सर्गात कुस्तीत जिंकणाऱ्याला बारा बैलांच्या मोलाची तिवई आहे आणि हरणाऱ्याला कामात तरबेज अशी एक बाई, किंमत चार बैल. युमायोस हा डुकरं राखणारा मूळचा राजपुत्र. घरातल्या सिडोनच्या दासीने त्याला लहानपणी पळवून फिनिशियन व्यापाऱ्यांच्या जहाजावर नेलं, आणि त्या दासीलाही आधी चाच्यांनीच पळवून विकलं होतं. इलियडमध्ये ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर बायकोला, अँड्रोमाकीला, आपली भीती बोलून दाखवतो, की तुला दूर आर्गोसमध्ये परक्या बाईच्या मागावर विणावं लागेल, झऱ्यावरून पाणी वाहावं लागेल. आज राणी, उद्या पाणी भरणारी. विराटाच्या घरी सैरंध्री झालेली द्रौपदी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे चटकन भिडतं. फक्त द्रौपदीच्या अज्ञातवासाला मुदत होती.

ओडिसीच्या बाविसाव्या सर्गाशी मात्र घाई करू नका. मागणीदारांनी पाहुणचाराचे सगळे नियम मोडलेत, म्हणून ओडिसियस त्यांना मारतो. त्यांच्यावर आरोप करताना तो स्वतःच म्हणतो की तुम्ही माझ्या दासींशी बळजबरीने निजलात. नंतर युरिक्लिया सांगते, घरात पन्नास जणी आहेत, त्यांना आपण लोकर पिंजायला आणि गुलामी सोसायला शिकवलं, त्यांतल्या बारा बेइमान निघाल्या. त्या बारा जणींना आधी प्रेतं बाहेर न्यायला लावतात. मग त्या मेजं आणि खुर्च्या पाण्याने आणि स्पंजाने पुसतात. सकाळी मेजवानीसाठी पुसलेली तीच मेजं, आता रक्तासाठी. त्यानंतर टेलेमाकस त्यांना जहाजाच्या दोराने फासावर देतो. बळजबरी झाली असं मालक म्हणतो आणि शिक्षा बळजबरी झालेलीलाही होते. हे दोन उतारे शेजारी ठेवून वाचा, आणि कुणी 'तो काळच तसा होता' म्हणून विषय बंद करू लागलं तर करू देऊ नका. काळ कसा होता हेच तर आपण शोधतोय.

भाषेबद्दल. ग्रीक येईपर्यंत थांबू नका. दोन वेगवेगळी इंग्रजी भाषांतरं जवळ ठेवा, जिथे ती फारकत घेतात तिथे मूळ बघा. टफ्ट्स विद्यापीठाचं 'पर्सियस' हे संकेतस्थळ मोफत आहे, शब्दावर क्लिक केलं की त्याचं व्याकरण आणि अर्थ मिळतो. ज्यांचं संस्कृत झालंय त्यांनी ग्रीकला अजिबात घाबरू नये. द्विवचन, आत्मनेपदासारखे प्रयोग, विभक्त्या, सगळं नातेवाईकांसारखं भेटतं.

काळांची सरमिसळ टाळायला मात्र पहिल्या दिवसापासून शिका. ग्रीसमधल्या पायलॉसच्या राजवाड्यातल्या मातीच्या पाट्या साधारण इ.स.पू. 1200च्या, मायकेल व्हेंट्रिसने 1952मध्ये त्यांची लिपी उलगडली. त्यांत बायकांचे गट कामानुसार नोंदवलेत, सोबत मुलं, गहू आणि अंजिरांचा शिधा. काही गटांची नावं मिलेटस, निडोस, लेम्नोस अशा समुद्रापलीकडच्या ठिकाणांवरून पडलेली. होमरची काव्यं त्यानंतर कित्येक शतकांनी आकाराला आली. आणि अभिजात अथेन्स आणखी पुढचं. इ.स.पू. 416च्या हिवाळ्यात अथेन्सने मेलोस बेट जिंकून हाती लागलेले पुरुष मारले, बायकामुलं गुलाम म्हणून विकली. पुढच्याच वर्षी, 415 मध्ये, युरिपिडीसने अथेन्समध्येच ट्रॉयच्या बंदिवान बायकांचं नाटक, 'ट्रोजन विमेन', रंगमंचावर आणलं. त्यात राणी हेकुबा ओडिसियसच्या वाट्याला येते. ओडिसीतल्या पन्नास जणी वाचून झाल्यावर हे नाटक वाचा, त्या घरात शिरण्याआधीची बाई कशी बोलते ते ऐकू येईल.

प्रबंधासाठी विषय शोधताय तर ओडिसीचा चौदावा सर्ग घ्या. भिकाऱ्याच्या वेषातल्या ओडिसियसला युमायोस झोपडीत घेतो, स्वतःच्या अंथरुणावरचं बोकडाचं कातडं बसायला देतो, दोन डुकराची पिल्लं कापून जेवू घालतो. पुन्हा म्हणतो, आमच्यासारख्यांकडून जे जमतं ते थोडकंच, पण प्रेमाचं. इतका निखळ पाहुणचार ओडिसीत दुसरा नाही, आणि तो करणारा गुलाम आहे. पण त्याच दिवशी रात्रीच्या जेवणात भाकरी वाढायला मेसाउलिओस नावाचा एक जण आहे, आणि त्याला युमायोसने मालक परदेशी असताना टाफियन लोकांकडून स्वतःच्या कमाईतून विकत घेतलंय. गुलामाने घेतलेला गुलाम. या दहाबारा ओळींवर वर्षभर काम करता येईल. सुरुवात करताना इतकंच शोधा की युमायोसच्या झोपडीत मेसाउलिओस काय काय करतो आणि त्याच्याशी कोण बोलतं.