खाणीच्या डंपखालचं पाणी: नमुने कसे घ्यावेत

ओढ्याचा तळ नारिंगी दिसला की संशय डंपवर, म्हणजे खाणीतल्या टाकाऊ दगडांच्या ढिगावर जातो, आणि बहुधा तो खरा निघतो. पण पाणी नितळ आहे, सामू 7 आहे, म्हणून निर्धास्त होऊ नका. डंपमधल्या पायराइटला (लोह आणि गंधकाचं खनिज) हवा आणि पाणी मिळालं की सल्फेट, लोह आणि आम्ल सुटतं. दगडात चुना असेल तर आम्ल जागीच मरतं. सल्फेट मात्र पुढे वाहतं, कधी मँगनीज आणि जस्तही. त्यामुळे आधी बघायचं ते सल्फेट.

नमुने किमान तीन: डंपच्या वरच्या अंगाला ओढ्यात, पायथ्याच्या पाझरावर आणि खाली, दोन्ही पाणी पुरतं मिसळल्यावर. वरचा नमुना नसेल तर तुलना कशाशी करणार? सामू, तापमान आणि विद्युतवाहकता तिथेच मोजा. पाझरातलं फेरस, म्हणजे विरघळलेलं लोह बाटलीतल्या हवेने गंजतं, तांबूस गाळ बसतो आणि नवं आम्ल तयार होतं; प्रयोगशाळेत पोचेपर्यंत सामू बराच घसरलेला असतो.

प्रत्येक ठिकाणी दोन बाटल्या भरा: एक धातूंसाठी, दुसरी सल्फेट आणि अल्कलिनिटीसाठी (पाण्याची आम्ल शमवण्याची क्षमता). धातूंचं पाणी 0.45 मायक्रॉनच्या गाळणीतून तिथेच गाळा, मग नायट्रिक आम्ल घालून सामू 2 च्या खाली आणा. आधी आम्ल घातलं तर गाळातलं लोहही विरघळतं आणि आकडा फुगतो. ही चूक सर्रास होते. सल्फेट-अल्कलिनिटीच्या बाटलीत आम्ल नको. काठोकाठ भरून बर्फात ठेवा.

निरीक्षण बोअरमध्ये (भूजल तपासायला खोदलेली बोअर) आधी पाण्याची पातळी मोजा. ती ओढ्यापेक्षा वर असेल तर भूजल ओढ्याकडे येतंय, खाली असेल तर ओढ्याचं पाणी जमिनीत मुरतंय. मग साचलेलं पाणी तिप्पट उपसा: 5 सेंमी व्यासाच्या पाइपात मीटरला सुमारे 2 लिटर, म्हणजे 4 मीटर पाण्याला 24 लिटर. वाहकता स्थिरावली की नमुना घ्या.

ओढ्याच्या तळावरची पांढरी साय बहुधा अॅल्युमिनियमची, काळा लेप मँगनीजचा.

कोरड्या दिवसांत ढिगावर फुललेले क्षार पहिला पाऊस धुऊन आणतो. ती सर चुकवू नका. आणि प्रवाह मोजल्याशिवाय परतू नका. उन्हाळ्यात लिटरला 500 मिलिग्रॅम सल्फेट, सेकंदाला 4 लिटर प्रवाह: दिवसाला 173 किलो. पावसात 200 मिलिग्रॅम, पण 20 लिटर: 346 किलो. म्हणजे पाणी पातळ, तरी वाहून जाणारं सल्फेट दुप्पट.