भिंतीवरचा गॅस हीटर आम्ही कसा बसवला

जळालेला वायू खोलीत सोडणारा हीटर घ्यायचा नाही, हे आधीच ठरलं होतं. आमचा हीटर भिंतीतून आरपार जाणाऱ्या दुहेरी नळीतून बाहेरची हवा ओढतो आणि धूरही बाहेरच सोडतो. गॅस नीट जळला नाही की तयार होणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. इथे काटकसर नकोच.

नळीचं तोंड खिडकीपासून लांब ठेवलं. बाहेरच्या बाजूला किंचित उतार दिला, म्हणजे पावसाचं पाणी आत येत नाही. एलपीजी आणि नैसर्गिक वायूचे जेट (गॅस सोडणारी बारीक तोंडं) वेगळे असतात, म्हणून हीटरवरची माहितीची पट्टी वाचून तो आमच्याच गॅससाठी असल्याची खात्री केली.

गॅसची जोडणी परवानाधारक फिटरनेच केली. हात सहज पोचेल असा कॉक लावून घेतला. मग सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं, तर एका नटाशी बारीक बुडबुडे फुगायला लागले! फिटरने कॉक बंद केला, सांधा उघडून नव्याने सील केला, आवळला. पुन्हा तपासलं तेव्हा एकही बुडबुडा आला नाही. (काडी पेटवून गळती कधीही शोधू नका.)

ज्योत निळी आणि स्थिर आहे. पिवळी झाली तर हीटर लगेच बंद करायचा, हे घरात सगळ्यांना सांगितलंय. झोपायच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही लावलाय.