मालट्रकांच्या अपघातांची ठिकाणे कशी ओळखावीत

मागील ३ वर्षांच्या पोलीस नोंदींतून मालट्रकांचे अपघात वेगळे काढून प्रत्येकाची नेमकी जागा नकाशावर मांडावी. राष्ट्रीय महामार्गावरील सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात ३ वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झाले, किंवा १० जणांचा बळी गेला, तर केंद्रीय निकषानुसार तो अपघातप्रवण ठरतो. मात्र हा निकष सर्व वाहनांचा असल्याने ट्रकांची मोजणी स्वतंत्रच करावी.

मग जागेवर जावे, आणि रात्रीही जावे. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींकडे वळणारे ट्रक पाहावेत. करूळ घाटासारख्या उतारावर सतत दाबलेले ब्रेक तापून निकामी होऊ शकतात. ऊसगाळपाच्या हंगामातील नोंदी वेगळ्या ठेवाव्यात, कारण रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली अंधारात मागच्या चालकाला फार उशिरा दिसते.