गुगल अर्थवर डोंगर कसा वाचावा

संगणकावर गुगल अर्थ प्रो, म्हणजे उपग्रहचित्रांतून पृथ्वी दाखवणारा प्रोग्रॅम, उतरवून घ्या. २०१५पासून ते फुकट आहे. शोधपेटीत हरिश्चंद्रगड टाका. डावीकडच्या लेयर्समध्ये ‘टेरेन’वर खूण नसेल तर डोंगर सपाटच दिसणार, ते आधी बघा.

आता शिफ्ट दाबून माउस ओढा. नजर तिरकी होते आणि गड उभा राहतो. शिफ्टने आपण गडाभोवती फिरतो. कंट्रोल दाबून ओढलं तर जागेवर उभं राहून मान वळवल्यासारखं होतं. दिशा हरवली की ‘आर’ दाबा, उत्तर वर येते आणि नजर पुन्हा सरळ खाली. सुरुवातीला हे बटण बरंच लागतं. एकाच कोनातून बघून थांबू नका. पुढची सोंड (डोंगराची पुढे आलेली धार) मागची अख्खी दरी झाकते, ती फिरवल्याशिवाय कळत नाही.

टूल्समधल्या ऑप्शन्समध्ये, ‘थ्रीडी व्ह्यू’खाली, उंची फुगवायचा आकडा आहे. खाडीकाठची सखल जमीन समजून घ्यायला तो २ किंवा ३ करा. सह्याद्रीसाठी १च ठेवा. ३वर कळसूबाईचे १६४६ मीटर पाच हजारांच्या घरात जातात.

मग पश्चिमेकडून हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा बघा. निराशा होईल! आत वळलेला, माथ्याशी बाहेर झुकलेला तो कडा पडद्यावर नुसता तीव्र उतार दिसतो, त्यावर चिकटवलेला उपग्रहाचा फोटोही ताणला जाऊन ओघळलेला. कारण अशा नकाशात प्रत्येक ठिकाणासाठी उंचीचा एकच आकडा असतो. कड्याच्या पोटातली पोकळी त्यात मावतच नाही. शिवाय मोजणीही विरळ. फेब्रुवारी २०००मध्ये एंडेव्हर अवकाशयानातून रडारने झालेली, जगभर वापरली जाणारी मोजणी घ्या: तिच्यात दोन बिंदूंमध्ये सुमारे ३० मीटर अंतर आहे. मधलं सगळं संगणकाने सांधलेलं.

म्हणून उंचीचा आलेख काढा. ‘पाथ’ने कड्याच्या पायथ्याच्या बेलपाडा गावापासून माथ्यापर्यंत रेघ ओढून सेव्ह करा, तिच्यावर उजवी क्लिक करून ‘शो एलिव्हेशन प्रोफाइल’ निवडा. आलेखावर माउस सरकवला की नकाशावरचा बाणही सरकतो. आलेखाची उभी बाजू ताणलेली असते, तेव्हा रेघेच्या आकाराला न भुलता उताराचा टक्का वाचा. १०० टक्के म्हणजे ४५ अंश. कड्यालगत मात्र खरा उतार आलेखातल्यापेक्षा जास्तच धरा, आणि गडावर चढणारी नळीची वाट कुठून सुटते ते बेलपाड्यातल्या माणसालाच विचारा.