अमेरिकेत आयटी कंपनी काढणाऱ्या कोल्हापूरकरांसाठी

केआयटी, डीकेटीई या आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांची पोरं इकडं येऊन चार-पाच वर्षं नोकरी करतात आणि मग आपलीच कंपनी काढायचं डोक्यात घेतात. जरूर काढा. आधी व्हिसा बघा. एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, स्वतःच्या एलएलसीत (मर्यादित जबाबदारीच्या कंपनीत) मालकी ठेवता येते, पण त्या कंपनीनं तुमच्यासाठी व्हिसाचा अर्ज (पिटिशन) रीतसर दाखल केल्याशिवाय तिथं काम करता येत नाही. रात्री बसून फुकट कोडिंग केलं तरी ते कामच धरलं जाऊ शकतं.

आता 'मायनॉरिटी' सर्टिफिकेट, म्हणजे कंपनी अल्पसंख्याक मालकीची असल्याचा दाखला. मोठ्या खासगी कंपन्यांची कामं मिळवायला एनएमएसडीसी या संस्थेचं, सरकारी कामासाठी एसबीए या लघुउद्योग खात्याची वंचितांसाठीची एट-ए योजना. एट-एला अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, सहसा दोन वर्षांचा धंदा दाखवावा लागतो आणि मुदत एकूण नऊ वर्षं. पूर्वी भारतीय वंशाचा अर्जदार सामाजिकदृष्ट्या वंचित असल्याचं गृहीत धरलं जायचं. जुलै २०२३ मध्ये टेनेसीतल्या फेडरल कोर्टानं ते गृहीतक थांबवलं. त्यानंतर प्रत्येकाला स्वतःचं निवेदन द्यावं लागू लागलं: काय घडलं, कधी, कुठं, कोणाकडून आणि त्यानं धंद्याचं किंवा करिअरचं काय नुकसान झालं. "आम्हाला नेहमीच भेदभाव सोसावा लागला" असं मोघम लिहिलं तर अर्ज परत येतो. त्यात २०२५ च्या जानेवारीत वंचित लघुउद्योगांना द्यायच्या सरकारी कामाचं उद्दिष्ट १५ टक्क्यांवरून कायद्यातल्या ५ टक्क्यांवर आलं. एकट्या एट-एवर धंदा उभा करू नका.

त्यापेक्षा साध्या लघुउद्योगासाठी राखीव असलेली कामं धरा. तिथं वंश कोणी विचारत नाही, ग्रीन कार्डवालाही (कायमचा रहिवासी) चालतो. कस्टम प्रोग्रामिंगसाठी (सरकारी उद्योग-कोड ५४१५११) वार्षिक सरासरी उलाढालीची मर्यादा ३.४ कोटी डॉलर आहे, म्हणजे आपण सगळे त्यात बसतो. आपली माणसं याकडं बघतच नाहीत. भिंतीवर सर्टिफिकेट लावायची हौस दांडगी!

सरकारी कामाआधी सॅमवर, म्हणजे सरकारी कंत्राटदारांच्या वेबसाइटवर, नोंदणी करा. ती फुकट आहे. दरवर्षी नूतनीकरण, तेही फुकट. नोंदणी केली की "मुदत संपतेय, पाचशे डॉलर भरा" असे फोन आणि ईमेल सुरू होतात. ईमेलचा पत्ता डॉट जीओव्हीनं (.gov) संपत नसेल तर उघडूही नका. कंपनीचं नाव आणि पत्ता राज्याच्या कागदावर आहे तसाच टाका. फरक निघाला की पडताळणीत अर्ज अडकतो. अडलात तर जवळचं एपेक्स ॲक्सिलरेटर (सरकारी कामासाठी मदत करणारं केंद्र) गाठा. सल्ला मोफत असतो.

आता सगळ्यात महागात पडणारी गोष्ट. ५१ टक्के बायकोच्या नावावर टाकायचे, कंपनी महिला मालकीची दाखवायची आणि धंदा आपण चालवायचा. ही आयडिया आपल्या गेट-टुगेदरमध्ये अजूनही ऐकू येते. हे करू नका. ५१ टक्के कागदावर असून भागत नाही, ताबाही त्याच माणसाचा लागतो. तपासणारे ऑपरेटिंग ॲग्रीमेंट (कंपनी कोण, कशी चालवणार याचा करार) मागतात, बँकेचं सिग्नेचर कार्ड मागतात. माणसं कोण नेमतं, दर कोण ठरवतं, हे मालकालाच विचारतात. एनएमएसडीसीवाले त्यासाठी प्रत्यक्ष भेटही घेतात. त्यात बायको एच-फोरवर (एच-वन-बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) असेल आणि वर्क परमिट नसेल तर तिला काम करण्याचीच परवानगी नाही. खोटी माहिती देऊन सरकारी काम घेतलं तर दंड, बंदी आणि फौजदारी खटला.

असाच घोळ ४९ टक्केवाल्याचा. पैसे घालणाऱ्या मेव्हण्याला करारात नकाराधिकार दिला की तुमच्या ५१ टक्क्यांचा ताबा जाऊ शकतो. आणि कंपनीनं एस-कॉर्प हा करासाठीचा दर्जा घेतला असेल तर कोल्हापुरात राहणाऱ्या, अमेरिकेचा करनिवासी नसलेल्या भावाला एक शेअर दिला तरी तो दर्जा रद्द होतो. शेअर देण्याआधी सीपीएला (इथल्या सीएला) विचारा.

गावाकडं टीम ठेवणाऱ्यांनी दोन कलमं वाचावीत. काम परदेशातून करायला करारात परवानगी आहे का? आणि राखीव सेवाकामात, सरकारकडून मिळालेल्या पैशातला निम्म्याहून जास्त वाटा तुमच्यासारखी पात्रता नसलेल्या उपकंत्राटदाराला देता येत नाही. गोकुळ शिरगावची वेगळी कंपनी भावाची असली तरी उपकंत्राटदारच.

पैशाचं गणित: उद्यमनगरात शब्दावर उधारी चालते, इथं करारात 'नेट ६०' (बिल दिल्यावर ६० दिवसांत पैसे) लिहिलेलं असतं आणि पगार दर पंधरवड्याला द्यावे लागतात. महिनाअखेरीला बिल टाकलं तर पहिल्या दिवसाच्या कामाचे पैसे तीन महिन्यांनी हातात येतात. तेवढे पगार बँकेत नसतील तर पहिलं काम मोठ्या कंत्राटदाराच्या हाताखाली घ्या, आणि सही करण्याआधी नेट ३० मागून बघा.