जुन्या मिनीच्या मागच्या चाकाचं बेअरिंग पुन्हापुन्हा का जातं?

नवं बेअरिंग बसवलं आणि दोन-तीन हजार किलोमीटरांतच तीच घरघर परत सुरू झाली, तर तिसरं बेअरिंग आणण्याआधी थांबा. मिनी या जुन्या ब्रिटिश छोट्या गाडीचं मागचं बेअरिंग नीट बसलं की वर्षानुवर्षं चालतं. ते लवकर जातंय याचा अर्थ त्याला मारणारं कारण अजून गाडीतच आहे. ते कुठे आहे हे सगळ्यात स्पष्टपणे गेलेलं बेअरिंगच सांगतं. म्हणून त्याचे तुकडे पुसू नका, धुऊ नका, डाव्या-उजव्या बाजूची आणि आतल्या-बाहेरच्या जागेची (एका चाकात दोन बेअरिंगं असतात) चिठ्ठी लावून बाजूला ठेवा.

आधी आवाज खरंच बेअरिंगचा आहे का ते बघा. टायर असमान झिजले असले की अगदी तसाच आवाज येतो, पण रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की तो बदलतो. बेअरिंगचा आवाज वेगाबरोबर वाढतो आणि वळणावर कमी-जास्त होतो. उजवीकडे वळताना वाढला तर बहुधा डावं बेअरिंग, कारण वजन तिकडे जातं.

मग पुढच्या चाकांना ठोकळे लावा, मागून गाडी जॅकवर उचला, खाली स्टँड द्या, हँडब्रेक सोडा. चाक वर-खाली धरून हलवा आणि दुसऱ्याला आतून बघायला सांगा. ड्रम हलतोय पण ब्रेकची बॅकप्लेट (ड्रममागची थाळी) स्थिर आहे, तर प्ले, म्हणजे सैलपणा, बेअरिंगमध्ये. दोन्ही एकत्र हलत असतील तर दोष रेडियस आर्मच्या (चाक धरून वर-खाली झुलणाऱ्या दांड्याच्या) पिव्होटमध्ये. तिथे एका टोकाला नीडल रोलर बेअरिंग आणि दुसऱ्या टोकाला ब्राँझचा बुश असतो. निपलमधून वेळच्या वेळी ग्रीस दिलं नाही की शाफ्ट आणि बुश झिजतात, चाक वरच्या बाजूने आत झुकतं. अशा गाडीत कितीही हब बेअरिंगं बदलली तरी चाक डगमगतच राहणार.

कोणतं बेअरिंग जातं हेही महत्त्वाचं. दोन्ही बाजूंची जात असतील तर बहुधा बसवण्याची पद्धत किंवा सुटे भाग चुकतायत. कायम एकच बाजू जात असेल तर त्या कोपऱ्यातल्या हब (चाक ज्यावर बसतं तो फिरणारा भाग), स्टब ॲक्सल (हबच्या मधला आखूड आस) किंवा ब्रेककडे बघा. त्याच बाजूचं फक्त आतलं जात असेल तर सील आणि पाणी, फक्त बाहेरचं जात असेल तर रुंद चाकं किंवा चाकामागे घातलेल्या जाड चकत्या. चाक बाहेर सरकलं की भार बाहेरच्या बेअरिंगवर येतो, आणि मूळ १० इंची चाकांच्या हिशेबाने बनवलेल्या हबला ते जड जातं.

आता रेसवरच्या, म्हणजे बेअरिंगच्या आतल्या-बाहेरच्या कड्यांवरच्या, खुणा वाचा. मागच्या हबमध्ये स्टब ॲक्सल स्थिर असतो आणि बाहेरची रेस हबबरोबर फिरते. त्यामुळे बाहेरच्या रेसवर पूर्ण गोल पट्टा उमटणं साहजिक आहे, तर आतल्या रेसवर मुख्य झीज खालच्या बाजूला दिसायला हवी. खुणा याहून वेगळ्या दिसल्या तर कारण शोधायला जागा मिळते.

आतल्या रेसवरही सगळीकडे सारखाच खोल पट्टा आणि निळसर-तपकिरी रंग दिसला तर बेअरिंग फार आवळलं गेलं होतं, किंवा आतली रेस ॲक्सलवर सरकत फिरत होती. पट्टा तिरका असेल तर रेस हबच्या खांद्याला (आतल्या पायरीला) पूर्ण टेकली नव्हती. बाहेरच्या रेसवर समोरासमोर दोन जागीच झीज असेल तर हबचं भोक लंबवर्तुळ झालंय. गोळ्यांच्या अंतराइतक्या अंतरावर खळगे दिसले तर बसवताना चुकीच्या रेसवर ठोकलं गेलं आणि मार गोळ्यांतून गेला. असं बेअरिंग पहिल्या दिवसापासून आवाज करतं. ग्रीस दुधी झालं असेल तर पाणी शिरलंय. ते पातळ होऊन वाहून गेलं असेल तर व्हील सिलिंडरमधून ब्रेकचं तेल आत उतरतंय का ते तपासा.

एक कारण फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. मिनीची मागची सबफ्रेम (मागची चाकं जिला जोडलेली असतात ती चौकट) गंजते आणि तिला वेल्डिंग होतं. अर्थची क्लिप जवळ लावली नसेल तर प्रवाह बेअरिंगमधून जाऊ शकतो आणि रेसवर बारीक जळके ठिपके पडतात. बेअरिंग बिघडण्याच्या आधी वेल्डिंग झालं होतं का ते आठवून बघा.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो हबच्या आतल्या स्पेसरमध्ये. दोन बेअरिंगांमधली नळी आतल्या रेसमधलं अंतर ठरवते, म्हणून नट कितीही घट्ट केला तरी बेअरिंग चिरडत नाही. टेपर रोलरच्या (गोळ्यांऐवजी निमुळते रोलर असलेल्या) संचातली नळी त्या संचाच्या मापाचीच असते. जुन्या बॉल बेअरिंगची नळी नव्या टेपर बेअरिंगांत वापरली, दोन संचांतले भाग एकमेकांत मिसळले, किंवा नळी गहाळ झाली म्हणून तशीच जुळणी केली, तर बेअरिंग टिकत नाही. नळी आखूड पडली तर रोलर आवळतात आणि तापतात, लांब पडली तर प्ले राहतो. नळीची दोन्ही टोकं सपाट, समांतर आणि बिनखाचेची हवीत. टोकावर रेसने खोबण पाडली असेल तर ती बाद. टेपर संचात कप (बाहेरची रेस) आणि कोन (आतली रेस) यांची जोडीही फोडू नका.

हबचं भोक बघायला सोपी कसोटी आहे. बाहेरची रेस नेहमी प्रेसनेच जायला हवी, कारण फिरणाऱ्या रेसवर सगळ्या बाजूंनी भार येतो आणि ती सैल असेल तर हबमध्ये सरकते. अंगठ्याने दाबल्यावर ती आत गेली तर हब बाद. पंचाने ठिपके मारून किंवा चिकट द्रव लावून ती तात्पुरती बसते, पण असा हब पुढच्या बेअरिंगचाही घात करतो. स्टब ॲक्सलवर आतली रेस हाताने सरकून बसते आणि ते बरोबरच आहे. मात्र तिथे पायरी पडलेली असेल, निळा रंग आलेला असेल, किंवा सील ज्या जागी घासतो तिथे खाच असेल तर ॲक्सल बदला. खड्ड्यात आदळलेल्या किंवा कडेला घासलेल्या गाडीत तो वाकलाय का ते डायल गेजने बघा.

ब्रेकही विसरू नका. हँडब्रेकची केबल रेडियस आर्मवरच्या ज्या सेक्टरवरून वळते, तो गंजून अडकतो. मग हँडब्रेक सोडला तरी ब्रेक पूर्ण सुटत नाही, ड्रम तापतो आणि ग्रीस वितळून बाहेर येतं. सेक्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे. जुन्या ब्रेकच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून तिच्यावर हवेचा झोत मारू नका, ओल्या कापडाने पुसा.

जोडताना क्रम असा. पूर्ण स्वच्छ केलेल्या हबमध्ये बाहेरच्या रेस फक्त त्यांच्याच कडेवर दाब देऊन खांद्यापर्यंत बसवा. खांद्याला टेकल्या की आवाज बदलतो. बॉल बेअरिंगं असतील तर 'थ्रस्ट' लिहिलेल्या बाजू एकमेकींकडे, म्हणजे नळीकडे ठेवा. लिथियमचं दोन नंबरचं ग्रीस बोटाने गोळ्या-रोलरांच्या मधे दाबून भरा. जुन्या वेगळ्या प्रकारच्या ग्रीसमध्ये नवं मिसळू नका, आणि हबची टोपी ग्रीसने भरू नका. ग्रीस तापल्यावर फुगतं, त्याला जागा लागते. सील दर वेळी नवा, त्याच्या ओठाला थोडं ग्रीस लावून.

थ्रस्ट वॉशरची तिरपी कड बेअरिंगकडे येऊ द्या. डाव्या बाजूच्या नटला उलटे आटे असतात, तिथे जोर चुकीच्या दिशेने लावलात तर आटे जातील. हब फिरवत फिरवत नट ६० पाउंड-फूट, म्हणजे सुमारे ८१ न्यूटन-मीटरपर्यंत आवळा. स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर नट मागे घेऊ नका, पुढच्या खाचेपर्यंत आवळा. पिन नवी घाला. आवळल्यावर हब मऊ फिरला पाहिजे. तो अडखळला तर टॉर्क कमी करून भागवू नका, परत उघडून नळी आणि रेस तपासा.

शेवटी मागच्या चाकांचा टो (चाकांची पुढची कड किती आत वळलीय ते माप) तपासा, मिनीत तो सुमारे ३.२ मि.मी. आत हवा. चाकं फार तिरकी चालली तर बेअरिंगांवर बाजूचा दाब कायम राहतो. मग वीसेक किलोमीटर चालवा, पण शेवटचा भाग कमीत कमी ब्रेक लावत काढा, आणि थांबल्यावर दोन्ही हब हाताने तपासा. दोन्ही सारखेच कोमट असतील तर ठीक. एक हात टेकवता येणार नाही इतका तापला असेल, तर आधी ते चाक उचलून फिरवा आणि हँडब्रेकचा सेक्टर अडकलाय का ते बघा. ब्रेक मोकळा असूनही हब तापत असेल तर नळीचं माप पुन्हा घ्या.